अकरावं नाव

संगमरवराची पाटी आली गुरुवारी,
गोणपाटात गुंडाळून, टेम्पोतून.
कोरणारा म्हणाला, अकरा नावं बसतील.
बारावं घेतलंत तर अक्षर बारीक होईल,
आणि बारीक अक्षरात
मोठेपण दिसत नाही, शेठ.

दहा ठरली चहाच्या दोन फेऱ्यांत.
मेलेल्यांविषयी कुणाचं दुमत नव्हतं.
अकराव्यावर वाजले रात्रीचे साडेअकरा,
घणसोली गावात, व्यायामशाळेच्या माळ्यावर,
खाली मॅटवर पोरं अजून दम घोटवत होती.

कमळाकर मढवी, म्हणाला चांगो नाना.
एका दमात तिघांना शिवून यायचा,
लोण चढवायचा आणि वर मिशीत हसायचा.
त्याच्यासारखा रायडर
खाडीच्या या काठाला झाला नाय.
आणि उरणची फायनल? विचारलं धाकट्या जोमाने.
पंखा तेवढा फिरत राहिला.
शेवटच्या पाच मिनिटांत सहा चढाया, सहाही रिकाम्या,
आणि पुढच्या महिन्यात दारात नवी राजदूत.
बघितलं कोणी नाय, म्हणाला नाना.
माहीत सगळ्यांना आहे, म्हणाला जोमा,
जो त्या वर्षी जन्मलाही नव्हता.

मग कुणीतरी म्हणालं, बेबीताई ठाकूर.
चार वर्षं मुलींचा संघ होता आपला,
कपाटातले तीन करंडक त्यांचेच.
त्यांची वेगळी पाटी करू, ठरलं लगेच.
कधी, हे कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

मी गुणलेखक. सत्तावीस वह्या माझ्याकडे,
लाल रेघ मी आखलेली, निळी छापील.
मास्तर, आकडे सांगा, म्हणाले सगळे,
जणू आकडे बोलतात
आणि मी फक्त कान धरून उभा आहे.
आकडे सांगितले. कमळाकर: एक हजार चारशे बारा.
उरणला शून्य.
शून्यापुढे कारण लिहायला
मी रकाना आखला नव्हता.

आणि हसुराम?
मीच बोललो, नाव तोंडातून निसटलं.
कोण हसुराम?
भोईर. डावा मध्यरक्षक. अकरा सीझन.
कोपऱ्यातला घोटा धरायचा, गुण कोपऱ्याला मिळायचा.
पण त्याआधी साखळीतला जो हात
रायडरला अर्धं पाऊल आत ओढायला लावायचा,
तो हसुरामचा.
वहीत बघा, म्हणाला जोमा.
बघितलं.
हसुराम भोईर: बाद.
हसुराम भोईर: बाद.
धरायला पहिला गेला आणि रायडर सुटला,
तेवढ्याच वेळा तो माझ्या वहीत आहे.

पाच मतं इकडे, पाच तिकडे. सहावं माझं.
उद्या देतो म्हणालो, चपला शोधल्या.

ठाणे-बेलापूर रस्त्यावर
आयटी पार्कच्या गेटला हसुरामची रात्रपाळी.
याच जमिनीत त्याच्या आजाचं खाजण होतं,
आता तिथे गाड्यांच्या नंबरांची नोंद करतो.
वही मला दाखवली: रकाने सरळ, अक्षर सुबक.
म्हणाला, कोणाचं लावताय रं नाव?
अजून ठरलं नाही.
कमळ्याचं लावा, म्हणाला.
उरणचं माहीत आहे ना तुला?
त्याने बॅरियर वर केला, एक गाडी आत सोडली,
खाली केला.
आपल्यात त्याला धरणारा कोण नव्हता, मास्तर,
एवढंच झालं.

मी अजून मत दिलेलं नाही.
तीन आठवडे झाले, कोरणारा दोनदा येऊन गेला.
पाटी भिंतीला टेकून उभी आहे, दहा नावांची,
आणि खाली चार बोटं कोरी जागा,
तिथे सरावाआधी पोरं
हाताची पावडर पुसतात.